डोंगराचे डोंगराला द्यावे

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेले भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समितीने मला विषय दिला आहे, ‘संग्रहालय कसे असावे?’ आज बाहेरगावचे पाहुणेही आले आहेत, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आपल्या विहाराच्या मागे डोंगराचा उतार आहे. विहाराच्या हद्दीतला तो तुकडा आजवर मोकळा राहिला. तिथे एक लहान संग्रहालय बांधावं असा ठराव समितीपुढे आहे. वस्तीतल्या घराघरांत ट्रंकेत, माळ्यावर पडून असलेल्या वस्तू त्यात ठेवायच्या. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षेसाठी गेलेल्यांचे फोटो, त्या दिवशी नेसलेलं पांढरं लुगडं, जलशाची ढोलकी, गिरणीचे पास, जुन्या सभांची हँडबिलं, कुणाच्या आजोबांनी पोटाला चिमटा काढून विकत घेतलेली पुस्तकं. या कल्पनेला कुणाचाच विरोध नाही.

वाद आहे तो इमारतीवर. एक मत असं की डोंगर उभा कापून जागा सपाट करावी आणि हमरस्त्यावरून दिसेल अशी तीन मजली, घुमटाची इमारत उभी करावी. दुसरं मत असं की डोंगराला फार हात न लावता उतारातच, अर्धी जमिनीत बसेल अशी बैठी इमारत बांधावी. मी दुसऱ्या मताचा आहे. का, ते सांगायला आज उभा आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर उठून विचारा.

मी काही आर्किटेक्ट नाही. सातवीपर्यंत शाळा, पुढे गिरणी. विणाई खात्यात साच्यावर उभं राहून जे शिकलो ते आणि पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं ते, एवढीच माझी शिदोरी. पण कापड विणणाऱ्याला एक गोष्ट पक्की कळते. ताणा नीट नसेल तर वरची नक्षी कितीही देखणी असो, ठाण वाया जातं. इमारतीची नक्षी म्हणजे घुमट, कमान, रंग. तिचा ताणा म्हणजे जमीन, पाणी, उजेड आणि येण्याची वाट. मी आज ताण्याविषयीच बोलणार आहे.

लेणी काय सांगतात

डोंगरात बांधणं आपल्याला नवं नाही. अजिंठा, कार्ले, कान्हेरी, नाशिकची त्रिरश्मी लेणी आपण सहलीला जाऊन पाहतो, वंदना घेतो, फोटो काढतो. पण ती बांधली कशी, हे फार कमी जण विचारतात. बांधली हा शब्दच तिथे चुकीचा आहे. ती कोरली. कारागीर वरून खाली येत. आधी छत, मग खांबांचे माथे, मग खांब आणि सगळ्यात शेवटी पायाखालची जमीन. अजिंठ्याला काही लेणी अर्धवट राहिली आहेत, त्यांच्यात ही पद्धत आजही दिसते. विटेची भिंत चुकली तर पाडून पुन्हा बांधता येते. डोंगरातला खांब चुकून तुटला तर तो परत आणता येत नाही. म्हणून छिन्नी लावण्याआधी सगळी इमारत त्या माणसांच्या डोक्यात तयार असावी लागे.

दुसरी गोष्ट पाण्याची. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. बहुतेक लेण्यांच्या शेजारी पाण्याचं टाकं कोरलेलं आहे. तिथल्या शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलं आहे. कातळावर पन्हाळी खोदून पावसाचं पाणी या टाक्यांत आणलं आहे. डोंगरातल्या इमारतीचा सगळ्यात मोठा शत्रू पाणी. त्या लोकांनी शत्रूलाच कामाला लावलं, पिण्याच्या पाण्याची सोय करून घेतली.

आणि तिसरी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. तो नहपान या क्षत्रप राजाचा जावई. लेख सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. त्यात लिहिलं आहे की भिक्षूंसाठी 3000 कार्षापणांचा कायमचा ठेवा ठेवला. तो कुणाकडे ठेवला? गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे! 2000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, 1000 दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. 2000 चं व्याज वर्षाला 240 होतं. वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. बारा वीसे दोनशेचाळीस, हिशेब चोख. म्हणजे लेणं कोरून झाल्यावर ते चालवायचं कसं, याची तजवीज भिंतीवर कोरून ठेवली आणि ती रक्कम सांभाळली कोणी, तर कापड विणणाऱ्यांनी. आपण गिरणीवाल्यांनी ही गोष्ट मुलांना सांगितली पाहिजे.

लेण्यांमध्ये डोंगरातून दगड काढला आणि जी पोकळी झाली तीच इमारत. आज आपल्याला तसं कोरणं शक्य नाही. आज डोंगरात बांधायचं तर खोदावं लागतं, लोखंड-सिमेंट घालावं लागतं. मग आजच्या काळात हे कुणी नीट केलं आहे का? केलं आहे. त्यासाठी मी तुम्हाला जपानला नेतो.

शिगाराकीचा डोंगर

जपानमध्ये क्योटो शहराच्या आग्नेयेला शिगाराकी नावाचा डोंगराळ भाग आहे. मातीच्या भांड्यांसाठी तो शेकडो वर्षं प्रसिद्ध आहे. तिथे नोव्हेंबर 1997 मध्ये मिहो म्युझियम सुरू झालं. मी तिथे गेलेलो नाही, जाण्याची ऐपतही नाही. पुस्तकातले नकाशे, फोटो आणि माहितीपट यांवरून मी ते समजून घेतलं.

हे म्युझियम मिहोको कोयामा या बाईंनी उभारलं. कापडधंद्यातल्या श्रीमंत घराण्याच्या त्या वारस आणि शिन्जी शुमेईकाई या पंथाच्या संस्थापक. आपला त्या पंथाशी काही संबंध नाही, त्यांच्या शिकवणुकीत मी शिरत नाही. मला घ्यायचं आहे ते फक्त इमारतीचं शहाणपण. आर्किटेक्ट होते आय. एम. पेई. जन्म 1917 साली चीनमध्ये, तरुणपणी अमेरिकेत गेले आणि तिथलेच झाले. पॅरिसच्या लूव्र म्युझियमच्या अंगणातला काचेचा पिरॅमिड त्यांचाच. 2019 साली, वयाच्या 102 व्या वर्षी ते वारले.

पेईंपुढे अडचण अशी होती. जागा डोंगरमाथ्यावर, दाट झाडीत. तो सगळा भाग निसर्ग संरक्षणाच्या कायद्याखाली. इमारत हवी मोठी, सुमारे 17,400 चौरस मीटर, पण डोंगरावर तिचं फार थोडं अंग दिसायला परवानगी. आपल्याकडे अशा वेळी काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. कायद्यातली फट शोधतात. पेईंनी कायद्यालाच नकाशाचा पाया केला. इमारतीचा पाऊण भाग त्यांनी जमिनीच्या पोटात घातला.

घेतलेली माती परत

आता मुख्य मुद्द्यावर येतो. पाऊण इमारत जमिनीखाली घालायची म्हणजे डोंगराचा माथा खोदावाच लागणार. तसा तो खोदला. झाडं काढली, माती काढली, खडक फोडला. त्या काळातला फोटो पाहिला तर कुणालाही वाटेल की यांनी डोंगराचं वाटोळं केलं. पण इमारत झाल्यावर तिच्या अंगावर माती पुन्हा घातली, झाडं पुन्हा लावली. आज लांबून पाहिलं तर हिरव्या झाडीतून काचेच्या छपराची काही टोकं तेवढी वर आलेली दिसतात, एखाद्या वाडीतली चार घरं दिसावीत तशी. बाकी डोंगर डोंगरासारखा.

बंधुभगिनींनो, मला या इमारतीतली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. जे घेतलं ते परत केलं. आपल्या आसपास डोंगर पोखरणारे पुष्कळ आहेत. खडी नेली, मुरूम नेला, प्लॉट पाडले आणि उघडी जखम ठेवून गेले. तिच्याखाली राहायला कोण येतं? आपल्यासारखीच माणसं. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यात माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. जुलै 2023 मध्ये रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड आली. दोन्ही ठिकाणी आदिवासी, गरीब माणसं होती. मुसळधार पावसात डोंगराच्या पोटात पाणी शिरलं, माती जड झाली की ती खाली येते. उताराचा पायथा उभा कापला तर वरच्या मातीचा आधारच जातो. आपण आपल्या विहाराच्या मागे जेव्हा ‘जागा सपाट करू’ म्हणतो, तेव्हा वर कोणाची घरं आहेत आणि खाली कोणाची, हे आधी आठवलं पाहिजे.

येण्याची वाट

आता वाटेविषयी. मिहो म्युझियमला गाडी थेट दारात जात नाही. गाड्या लांब थांबतात, तिथे स्वागताची इमारत आहे. पुढे चालत किंवा विजेवरच्या लहान गाडीतून जायचं. दुतर्फा चेरीची झाडं. मग डोंगरातून जाणारा बोगदा लागतो, आतून पोलादी पत्र्यांनी मढवलेला आणि वळणाचा. वळण असल्यामुळे आत शिरल्यावर पलीकडचं तोंड दिसत नाही. चालत गेल्यावर हळूहळू उजेड येतो आणि बोगद्याच्या तोंडाशीच सुमारे 120 मीटरचा पूल सुरू होतो. पूल लेस्ली रॉबर्टसन या इंजिनियरचा. तो पोलादी तारांनी तोलून धरला आहे, दरीत खांब रोवलेले नाहीत. खालच्या झाडांना धक्का नाही. पूल संपला की पायऱ्या आणि पायऱ्यांवर म्युझियमचं दार.

एवढा खटाटोप कशासाठी? पेईंच्या मनात एक जुनी चिनी कथा होती, सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या ताओ युआनमिंग या कवीची. एक कोळी होडीतून जाताना वाट चुकतो. पीच फुलांच्या वनातून जाता जाता त्याला डोंगरात एक चिंचोळी फट सापडते. तिच्यातून पलीकडे जातो तर तिथे एक गाव. जुन्या काळी जुलमाला आणि लढायांना कंटाळून पळून आलेली माणसं तिथे सुखाने राहत असतात. तो परत येतो, लोकांना सांगतो, पण ती वाट पुन्हा कुणालाच सापडत नाही. त्या कोळ्याच्या वाटेने पेईंनी पाहुण्यांना चालायला लावलं.

अजिंठ्यालाही आज फर्दापूरच्या फाट्यावर खासगी गाड्या थांबवतात आणि पुढचे चारेक किलोमीटर बसने नेतात. लोक कुरकुरतात. पण धूर आणि हॉर्न लेण्यांपासून लांब राहतात हा फायदा आहेच. शिवाय चालत गेलेल्या माणसाचं मन पोहोचेपर्यंत शांत होतं. विहारात येताना आपण चप्पल बाहेर का काढतो? तेवढ्या एका क्षणात बाहेरचं बाहेर राहतं. वाटेचं काम तेच.

गिरणीचं छप्पर आणि म्युझियमचं छप्पर

उजेडाच्या बाबतीत मात्र मी थोडा अधिकाराने बोलतो. विणाई खात्याचं छप्पर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना आठवेल. करवतीच्या दात्यांसारखं. दात्याची उभी बाजू काचेची आणि तिचं तोंड उत्तरेला. का? उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, दिवसभर सारखा, मऊ उजेड येतो. साच्यावर तुटलेला धागा दिसायचा तर सावली पडून चालत नाही आणि डोळे दिपूनही चालत नाहीत. ज्याने ते छप्पर काढलं त्याने कामगाराच्या डोळ्यांचा नसेल कदाचित, पण कापडाच्या प्रतीचा विचार नक्की केला होता.

मिहो म्युझियमचं छप्पर काचेचं आणि पोलादी सांगाड्याचं, आकार जपानी घराच्या उतरत्या छपरासारखा. काचेखाली लाकडाच्या रंगाच्या ॲल्युमिनियम नळ्यांची रांग लावली आहे. ऊन त्या नळ्यांमधून गाळून खाली येतं आणि फिकट दगडी भिंतींवर त्याच्या बारीक रेघा पडतात. पदराआडून उजेड यावा तसा. पण हा उजेड सगळीकडे नाही. दगडाच्या मूर्तीला उजेडाने काही होत नाही. कागद, रेशीम, सूत, जुने रंग यांना उजेड खातो. म्हणून म्युझियममध्ये अशा वस्तूंसाठी वेगळ्या अंधाऱ्या खोल्या ठेवतात, मोजून मापून उजेड देतात.

तसंच दमटपणाचं. विणाई खात्यात हवा मुद्दाम ओलसर ठेवत, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. संग्रहालयात उलटी काळजी, हवा फार ओली नको आणि फार कोरडीही नको, आणि मुख्य म्हणजे एकसारखी हवी. इथे जमिनीत बसवलेल्या इमारतीचा फायदा आहे. भोवती माती असली की उन्हाळ्यात आतली हवा लवकर तापत नाही, हिवाळ्यात लवकर गार होत नाही. लेण्यांत दुपारी शिरल्यावर जो गारवा लागतो तो हाच. तोटाही तसाच मोठा. भिंतीमागे पाण्याचा निचरा नीट नसेल तर सगळी ओल आत येते. परवा एका आजींनी मला विचारलं, ‘लेका, माझं लुगडं तिथं ठेवलं तर त्याला कसर नाही ना लागायची?’ आजींचा हा प्रश्न समितीने पहिल्या पानावर लिहून ठेवावा. इमारत तीन मजली आहे की बैठी, यापेक्षा त्या लुगड्याचं काय होणार हे महत्त्वाचं.

दोन मूर्ती

या म्युझियममध्ये आपल्या जिव्हाळ्याचंही काही आहे. दक्षिणेकडच्या दालनांत तथागतांची गांधार शैलीची उभी मूर्ती आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली, सुमारे अडीच मीटर उंच, करड्या दगडाची. गांधार म्हणजे आजच्या पाकिस्तानातला पेशावरच्या आसपासचा मुलूख. मूर्तीवर वरून उजेड येतो. भोवती गर्दी नाही, दिव्यांच्या माळा नाहीत. फोटो पाहिला तरी माणूस गप्प होतो.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या मूर्तीबद्दल. ती होती एका बोधिसत्त्वाची, चीनमधली, सहाव्या शतकातली. शानडोंग प्रांतात बोशिंग इथे ती 1976 साली सापडली होती. 1994 मध्ये ती तिथून चोरीला गेली आणि विकली जात जात या म्युझियममध्ये पोहोचली. मूर्ती चोरीची आहे हे पुढे आल्यावर चिनी अधिकाऱ्यांशी बोलणी झाली. 2001 साली करार झाला की मूर्ती मोबदला न घेता चीनला परत द्यायची, तोवर काही वर्षं ती उसनी म्हणून जपानमध्ये राहील. जानेवारी 2008 मध्ये ती मूर्ती चीनला परत गेली.

कुणी म्हणेल, चोरीचा माल परत केला यात काय मोठं? अहो, जगातली मोठमोठी म्युझियमं दुसऱ्यांच्या देशातून नेलेल्या वस्तूंनी भरली आहेत आणि परत मागितलं की वर्षानुवर्षं कागद फिरत राहतात. इथे परत दिलं. डोंगराची माती डोंगराला आणि मूर्ती ज्यांची त्यांना. संग्रह करणं म्हणजे आपल्याकडे ओढणं, असं सगळ्यांना वाटतं. ज्याला परत देता येतं तोच खरा सांभाळणारा.

आपण लपायचं का?

आता विरोधातला मुद्दा. तो आपल्या वस्तीतल्या तरुणांनी मांडला आणि तो मला फार लागला. ते म्हणाले, ‘काका, आपल्या आज्या-पणज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं. आपली सावली नको, आपला आवाज नको. आत्ता कुठे आपण दिसायला लागलो, तर तुम्ही म्हणता इमारत मातीत घाला? आपण पुन्हा लपायचं का?’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भव्य इमारतीच्या मागे नुसती हौस नसते, पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान असतो. हे मी जाणतो. पण माझं उत्तर ऐका. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे 38 मीटर खोल डोंगरात गेलं आहे. ते लपलं आहे का? त्याची पिंपळपानाची भव्य कमान, त्याचं दर्शनी अंग आजही माणसाला जागच्या जागी थांबवतं. अंग डोंगरात आणि चेहरा उजेडात. कुणी आपल्याला ढकलून लपवणं वेगळं आणि आपण आपल्या मर्जीने डोंगराला मान देणं वेगळं. दार मोठं करा, गल्लीच्या तोंडावरून दिसेल असं करा, त्यावर निळ्या रंगात नाव लिहा. त्याला माझा विरोध असेल कसा? माझा विरोध डोंगर कापायला आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. मिहो म्युझियम अफाट पैशावर उभं राहिलं. इतका पैसा एका संग्रहालयात घालावा का, हा प्रश्न रास्तच आहे. कापडाच्या संपत्तीत कामगारांचा घामही असतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्याकडे तसा पैसा नाही, आणि बोगदा, पूल, फ्रान्सहून आणलेला दगड यांची आपल्याला गरजही नाही. आपण त्यांची नक्षी घ्यायची नाही, ताणा घ्यायचा.

आपल्या उतारावर

तो ताणा आपल्या उतारावर कसा बसेल, ते सात कलमांत सांगतो.

पहिलं, हद्दीचा नकाशा आणि सगळ्या परवानग्या हातात आल्याशिवाय कुदळ लावायची नाही, आणि उतार पाहायला जाणकार इंजिनियर आणायचा. माझ्या भाषणावर इमारत बांधू नका.

दुसरं, एक पावसाळा नुसतं पाहायचं. पाणी कुठून येतं, कुठे मुरतं, कुठे साचतं, याच्या खुणा करायच्या. मागच्या भिंतीला पाणी बाहेर पडायची भोकं आणि तिच्यामागे खडीचा थर हवा. वरचं पाणी इमारतीच्या बाजूने वळवून टाकीत घ्यायचं. कान्हेरीच्या पोढीची आठवण म्हणून त्या टाकीला ‘पोढी’च म्हणा.

तिसरं, खोदलेली माती विकायची नाही. बाजूला रचून ठेवायची आणि काम झाल्यावर परत घालायची. उतारावर दोन जुनी झाडं आहेत, नकाशा त्यांना वळसा घालून काढायचा.

चौथं, उजेड उत्तरेकडून घ्यायचा. लुगडं, फोटो, हँडबिलं यांच्यावर ऊन पडता कामा नये. ढोलकी आणि पितळेची भांडी पुढच्या उजेडात, कागद-कापड मागच्या खोलीत.

पाचवं, वाट. म्हातारी माणसं, काठी टेकत येणारी, चाकाच्या खुर्चीवरची, सगळ्यांना चढता येईल असा सौम्य उतार हवा. मिहोकडे विजेची गाडी आहे. आपल्याकडे कठडा आणि मध्ये बसायला दोन बाकडी पुरे.

सहावं, वस्तूंची पावती. कुणाच्या घरून काय घेतलं, कुणी दिलं, त्यामागची हकीकत काय, हे वहीत लिहून देणाऱ्याला सहीची पावती द्यायची. त्यावर स्पष्ट लिहायचं की घरच्यांनी मागितलं तर वस्तू परत मिळेल. देणगीच्या नावाखाली गरिबाच्या घरातली एकुलती एक आठवण आपण गिळायची नाही.

सातवं, इमारतीच्या वर्गणीबरोबरच देखभालीचा वेगळा ठेवा बँकेत ठेवायचा. मुद्दलाला हात नाही, व्याजातून वीजबिल, झाडलोट, कसरीवरचं औषध. नाशिकच्या विणकरांनी वीस भिक्षूंच्या चीवराचा हिशेब सांभाळला. आपण एका आजीच्या लुगड्याचा सांभाळू.

येत्या रविवारी समितीची बैठक आहे. मतदान होईल, जे ठरेल ते मी मान्य करीन आणि ठरलं त्या कामाला घमेलं घेऊन येईन. डोंगर कापायचं ठरलं तरी येईन, पण त्या दिवशीही वर राहणाऱ्या घरांची नावं वाचून दाखवीन. एवढी मुभा मला द्यावी.



नमो बुद्धाय! जयभीम!